मार्चअखेरचा बर्फ

बर्फाचा विषय आमच्या घरात आणला तो माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. जानेवारीतला रविवार होता. त्या आणि भाऊजी पुण्याहून आमच्याकडे भोरला जेवायला आले होते. ताटं वाढून होतात न होतात तोच त्या म्हणाल्या, "या वर्षी आम्ही स्कीइंगला जायचं म्हणतोय." 'स्कीइंग' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नसावं. त्यांचं माहेर बारामतीकडचं. तिथं बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो.

"तुम्हीपण चला," त्या मला म्हणाल्या. "पोरं मोठी झाली आता. अजून किती वर्षं त्यांना काशीदच्या समुद्रावर नेऊन भेळ खाऊ घालणार आहेस?"

माझी मुलगी तेव्हा अठराची, बारावीला होती. मुलगा सोळाचा, दहावीला. जाऊबाईंचा एकुलता एक एकोणीसचा, इंजिनिअरिंगला. दोन्ही बोर्डाच्या परीक्षा संपणार आणि मुलीची सीईटी सुरू होणार, यांच्या मधे जेमतेम तीन आठवडे. म्हणजे जायचं ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. इकडे आंब्याला कैऱ्या धरतात तेव्हा.

"मार्चअखेरीला बर्फ आपल्यासाठी कशाला थांबतोय?" मी म्हणाले.

"स्प्रिंग स्कीइंग म्हणतात त्याला," जाऊबाई म्हणाल्या आणि कोशिंबीर मागितली.

हौसेनं डोंगर चढणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. माझं माहेर गुंजवण्याचं, राजगडाच्या पायथ्याचं. माझं सगळं लहानपण रविवारी येणारी पुण्यामुंबईची माणसं बघण्यात गेलं. पायात करकरीत बूट, पाठीवर सॅक, हातात विकतची काठी. "गडाची वाट कुठली हो?" असं विचारायची आणि वाट त्यांच्या पायाखालीच असायची. मी आणि माझा भाऊ बांधावर बसून त्यांच्याकडे बघायचो. एकदा एका बाईनं आईला विचारलं होतं, "तुम्ही इथे बारा महिने राहता?" आई खाली मान घालून भाताचं रोप लावत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई, दुपारपुरत्या येतो." ती बाई "हो का?" म्हणून पुढे गेली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तिच्या तोंडावर हसलो तरी तिला कळलं नाही, म्हणून आणखी हसलो.

तेव्हा आता आपण पैसे मोजून कुठल्याशा उतारावरून घसरायला जायचं, हे मला पचण्यासारखं नव्हतं. मी वेल्ह्याकडच्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. पुढच्या आठवड्यात गुंजवण्यावरून जाताना भावाकडे डोकावले आणि त्याला हे सांगितलं. तो चुलीसमोर विळ्याला धार लावत होता.

"त्या उतारावर पिकतं काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. वरून खाली घसरत यायचं."

"आन मंग?"

"मग पुन्हा वर जायचं."

"कशापायी?"

"पुन्हा घसरायला."

त्यानं धार बोटानं तपासली. "आमी तसल्या उतारावर नाचणी लावतो," तो म्हणाला. "आन घसरलो तर शिव्या देतो." हे मला इतकं पटलं, की घरी येऊन मी ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. माझा नवरा नसरापूरकडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. खेळाच्या शिक्षकाला शाळेत काय किंमत असते, हे मी वेगळं सांगायला नको. दहावीचा गणिताचा भाग राहिला, की याचा तास जातो. पाहुणे आले, की सतरंज्या हा घालतो. घरात तरी त्याची किंमत फार वेगळी होती असं नाही. त्याच्या शिट्टीची, ट्रॅकसूटची आणि सकाळी गच्चीवर मारलेल्या सूर्यनमस्कारांची आम्ही तिघंही टिंगल करायचो. सुरुवात मी केली, मुलं शिकली. त्याला मात्र या बर्फानं पछाडलं. शाळेतून आला, की चहाचा कप बाजूला ठेवून मोबाईलवर माणसं घसरताना बघायचा. वाकलेले गुडघे, पुढे झुकलेली छाती. मधेच उठून स्वयंपाकघरात तसा उभा राहून दाखवायचा.

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणायची आणि आपलं ताट उचलून आतल्या खोलीत जायची.

फेब्रुवारीत एका शनिवारी जाऊबाईंनी आम्हाला पुण्याला बोलावलं. त्यांच्या ओळखीचा एक सहलवाला होता, त्याच्या ऑफिसात सगळ्यांनी बसून ठिकाण ठरवायचं होतं. माझी मुलगी अभ्यास सोडून आली, कारण आम्ही काय ठरवू याचा तिला भरवसा नव्हता. ऑफिसात एसी इतका होता, की बर्फाची सवय तिथूनच लागावी. सहलवाला तरुण होता. त्याच्या दातांपासून बुटांपर्यंत सगळं चकचकीत. त्यानं मोठ्या पडद्यावर फोटो लावले. भाड्याचे गुलाबी कोट घातलेली जोडपी एकमेकांवर बर्फ उडवत होती.

"हे कुठल्या महिन्यातले फोटो आहेत?" माझ्या मुलीनं विचारलं.

"सीझनमधलेच आहेत, बेटा."

"सीझन म्हणजे जानेवारी. आम्ही मार्चअखेरीला जाणार."

"बर्फ असतोच."

"किती उंचीवर?"

सहलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. पोरीला जरा आवरा, असं ते बघणं होतं. मी छताकडे बघितलं. माझ्या पोरीचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

मग माझ्या नवऱ्यानं विचारलं, "शिकवणार किती वेळ?"

"सर, एक तासाची ॲक्टिव्हिटी आहे. त्यात फोटो इन्क्लुडेड."

"एक तास? सहा दिवसांत?"

"बाकी साइटसीइंग आहे ना, सर. मंदिर आहे, शालींची फॅक्टरी आहे, सफरचंदाची बाग आहे."

"मार्चमध्ये सफरचंद?" मुलगी म्हणाली.

जाऊबाई मधे पडल्या. "तासभर पुरे झालं गं. आपल्याला काय ऑलिम्पिकला जायचंय?" त्यांनी आधीच मनालीकडचं एक हॉटेल नक्की केलेलं होतं. तिथं गरम पाण्याचा पोहायचा तलाव होता. बर्फात जाऊन गरम पाण्यात पोहायचं! हे ज्यांना सुचतं, त्यांच्याबद्दल मी काय बोलावं?

माझा नवरा सहसा मोठ्या भावापुढे बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिला, हात मागे बांधले, जसा प्रार्थनेला उभा राहतो तसा, आणि म्हणाला, "दादा, तुम्ही तिकडे जा. आम्ही आमचं बघतो."

आम्ही एसटीनं परत निघालो. कामथडी मागे पडलं तेव्हा मुलगी बापाला म्हणाली, "तुम्हाला खरंच काही माहिती आहे का, की नुसतं बोललात?"

त्याला माहिती होती. तीन ठिकाणं त्यानं निवडली होती, आणि घरी पोचल्यावर मुलांना समोर बसवून एकेक खोडत गेला. औलीचा उतार चांगला, पण मार्च संपता संपता तिथं बर्फ राहीलच याचा भरवसा नाही. मनालीजवळ खालचा बर्फ तेव्हा वितळलेला असतो, मग गाडीत बसवून आणखी वर नेतात आणि अर्धा दिवस गाडीतच जातो. राहिलं गुलमर्ग. तिथं वर न्यायला केबल कार आहे, वरचा बर्फ एप्रिलपर्यंत टिकतो आणि शिकणाऱ्यांसाठी गावातच सपाट उतार आहे.

"त्या सपाट उतारावरचा बर्फ?" मुलीनं विचारलं.

"ते विचारायला पाहिजे," तो म्हणाला. विचारायचं कुणाला, हेही त्यानं शोधलं होतं. तिथं शिकवणाऱ्या एका माणसाचा नंबर मिळवला होता. फोन स्पीकरवर लावला. पलीकडचा आवाज वयस्क, कंटाळलेला. तो हिंदीत म्हणाला, मार्चअखेरीला येताय तर सकाळी लवकर उतारावर या, बाराच्या पुढे बर्फाची लापशी होते. पाऊसही पडू शकतो. जानेवारीत का येत नाही?

"मुलांच्या परीक्षा आहेत," नवरा म्हणाला.

"मग या," तो माणूस म्हणाला. "पण तक्रार करू नका."

आम्हाला खरं बोलणारा तो पहिला माणूस भेटला, आणि ठिकाण त्याच्यामुळे ठरलं. मुलांच्या अटी वेगळ्याच होत्या. मुलाला स्की नको होत्या, एकच फळी पाहिजे होती, जिला स्नोबोर्ड म्हणतात. मुलीला स्वतंत्र खोली पाहिजे होती आणि चौघांनी एका रांगेत उभं राहून फोटो काढायचा नाही, असं लिहून पाहिजे होतं. मुलानं मला विचारलं, "आई, तू तिथं दिवसभर काय करणार?" मी म्हणाले, "तुमच्यावर हसणार." हेच मी करणार होते. मार्चअखेरचे सगळे अहवाल वेळेआधी पुरे करून, चार दिवस जागून, मी जाणार होते ते हसायला.

तिथं पोचलो आणि पाऊस लागला. पहिला दिवस तर नुसता पाऊसच. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग होते, पण पाऊस थांबला होता. भाड्यानं मिळालेले बूट आदल्या दिवशीच्या कुणाच्या तरी घामानं आणि पावसानं ओले होते. ते इतके जड आणि ताठ, की माझा नवरा त्यांत पाय घालून चालायला लागला तेव्हा पुतळा चौथऱ्यावरून उतरल्यासारखा दिसला. मुलगी पुस्तक घेऊन खोलीतच बसली. लापशीत लोळायला मी आलेली नाही, म्हणाली. मुलाला स्नोबोर्ड मिळाला नाही. शिकवणाऱ्यानं सांगितलं, आधी स्कीवर उभं राहून दाखव.

हा शिकवणारा म्हणजे तोच फोनवरचा माणूस. पन्नाशी उलटलेला, चेहरा उन्हानं रापलेला. त्यानं आमच्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. भाड्याचा कोट, कोटाखाली नवऱ्याचा शाळेचा ट्रॅकसूट, त्याच्या आत दोन स्वेटर, आणि मी सोडून सगळ्यांच्या तोंडावर हसू. त्यानं विचारलं, "पहिल्यांदाच?"

बाजूला स्लेज ओढणारे दोघे उभे होते. मला त्यांनी विचारलं, ओढून नेऊ का. मी नाही म्हणाले. धडधाकट बाईनं फळीवर बसायचं आणि माणसानं तिला ओढायचं, हे मला जमणार नव्हतं. त्यांतला एक दुसऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि दोघं हसले. मला त्यातला एक शब्द कळला नाही आणि तरी सगळं कळलं. अगदी तेच वाक्य मी आणि माझा भाऊ बांधावर बसून कितीतरी वेळा बोललो होतो. मी आयुष्यात प्रथमच त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते आणि सांगते, तिथं उभं राहणं काही सुखाचं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. थंडीत तेवढाच फायदा.

मी जाऊन एका बाकावर बसले. तिथून माझा नवरा पडताना बघत राहिले. तो उभा राहायचा, शिकवणारा काहीतरी सांगायचा, दोन हात सरकायचा आणि बसायचा. उठायला दोन माणसं लागायची. बावीस वर्षं पोरांना कोलांट्या शिकवलेला माणूस. आमचा मुलगा तासाभरात बऱ्यापैकी सरकायला लागला होता आणि बापाजवळून जाताना दुसरीकडे बघत होता. शेवटी एकदा थांबून म्हणाला, "बाबा, उठा ना लवकर. लोक बघतायत."

माझ्या तोंडून ओरडून निघालं, "बघू देत! तुझ्या बापाच्या पैशानं बघतायत का?"

वाक्याला काही अर्थ नव्हता. पण मुलानं वाकून बापाला हात दिला. दोघं मिळून पुन्हा पडले. मी हसले नाही. मला हसायचं होतं, त्यासाठीच आले होते, पण माझ्या आधी ते स्लेजवाले हसले आणि माझं हसू गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ झालं. रात्री कडक थंडी पडली होती, बर्फ काचेसारखा वाजत होता. मुलगी खिडकीतून बघत उभी राहिली, मग पुस्तक गादीवर टाकून आली. दिवसभरात तिला इतकं जमलं, की शिकवणारा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मुलगी तुमच्यावर गेलेली नाही." हे त्यानं कौतुकानं सांगितलं आणि नवऱ्यानंही ते तसंच घेतलं.

चौथ्या दिवशी दोघं पोरं म्हणाली, आम्ही शिकवणाऱ्या सरांबरोबर केबल कारनं वर जातो. तुम्ही नका येऊ.

"नको म्हणजे?" मी म्हणाले.

"आई, तू वर येऊन काय करणार? आणि बाबांना वरून खाली येता येणार नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणूनच मला राग आला. मी म्हणाले, काही झालं तर कोण जबाबदार, दोन आठवड्यांवर परीक्षा आहे, हातपाय मोडला तर. मुलगी शांतपणे म्हणाली, "मी अठराची आहे." नवरा म्हणाला, "जाऊ दे त्यांना. बाराच्या आत परत या." शिकवणाऱ्यानं मान डोलावली आणि ते गेले.

आम्ही दोघं त्या सपाट उतारावर उरलो. त्या दिवशी नवऱ्यासाठी शिकवणाराही नव्हता. तो आपला आपण वर चढायचा, खेकड्यासारखा आडवा पाय टाकत, आणि खाली यायचा. किती वेळा पडला ते मी बघितलं नाही, कारण माझं लक्ष केबल कारकडे होतं. मग कधीतरी सहज मान वळवली तर तो येत होता. गुडघे वाकलेले, छाती पुढे, स्वयंपाकघरात उभा राहायचा अगदी तसा. माझ्यासमोर येऊन थांबला. पडला नाही. दम लागला होता. त्यानं मागे वळून वरच्या डोंगराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

"बघितलंस ना?" त्यानं मला विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले. खरं म्हणजे मी शेवटची वीसेक पावलंच बघितली होती.

बारा वाजले, साडेबारा झाले, पोरं आली नाहीत. उतारावरच्या बर्फाची खरोखरच लापशी झाली. एक वाजता मी नवऱ्याला नको ते बोलायला लागले. तूच जाऊ दिलंस, तुला कळतंच काय, शाळेत तुझं कुणी ऐकत नाही ते उगीच नाही.  तो बूट काढत बसला होता. त्याचा उजवा गुडघा सुजला होता, आणि तो सकाळपासून सुजलेला होता, हे मला तेव्हा दिसलं.

दोन वाजता तिघं आली. वर एका टपरीत बसून मॅगी खाल्ली, म्हणाली. मोबाईलला रेंज नव्हती. मुलीचा ओठ फुटून सुजला होता आणि ती ते विसरूनच गेली होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण दोघं बापाशी बोलत होती. वरचा बर्फ कसा कोरडा आहे, वळताना वजन कुठल्या पायावर घ्यायचं, मुलगा एकदा कसा थेट घसरत गेला आणि शिकवणाऱ्यानं त्याला कसं अडवलं. बाप गुडघ्यावर हात ठेवून एकेक प्रश्न विचारत होता. मला कुणी काही सांगितलं नाही. मी काही विचारलंही नाही.

संध्याकाळी जेवताना दोघांनी ठरवून टाकलं, की पुढच्या वेळी ती दोघंच येणार, जानेवारीत, कॉलेज बुडवून. नाहीतर दुसरीकडे कुठंतरी, आणखी उंचीवर. कुठं जायचं यावर आमच्यासमोरच वाद घातला त्यांनी. आम्ही दोघं त्या वादात नव्हतोच. मुलीनं नंतर माझ्याकडे बघून म्हटलं, "तुला तसंही आवडलं नाही ना, आई." मी म्हणाले, "नाही आवडलं." आणि वरण मागितलं.

जाऊबाईंना मनालीकडे ताजा बर्फ मिळाला. ऐन मार्चअखेर, चांगला फूटभर. अशा लोकांनाच मिळतो. त्यांनी घरच्या ग्रुपवर साठ फोटो टाकले. एका फोटोत भाऊजी बर्फातल्या गरम तलावात छातीपर्यंत बुडून बसलेत. "तुमच्याकडे पाऊस लागला म्हणे," जाऊबाई फोनवर म्हणाल्या. मी म्हणाले, "हो, भरपूर."

मुलीला सीईटीला बरे मार्क पडले, तिला पाहिजे होते त्याहून थोडे कमी. नवऱ्याच्या गुडघ्याला आतून इजा झाली होती. पुण्याच्या डॉक्टरनं सहा महिने पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, असं सांगितलं. शाळा सुरू झाल्यावर तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि तिथूनच शिट्टी वाजवायचा. एका मास्तरांनी त्याला विचारलं, अहो, कशानं झालं हे? तो म्हणाला, स्कीइंग करताना. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बाजारात गाठून विचारलं, सर थट्टा करतात का? खरं सांगा, गाडीवरून पडले ना?

"नाही," मी म्हणाले, "स्की करताना पडले. पुष्कळ वेळा पडले. आणि एकदा अजिबात पडले नाहीत."

 मी भाजीवाल्याला म्हणाले, पाव किलो गवार दे, कोवळी बघून.